शाल, श्रीफळ आणि १९२ मतं

एसटीच्या लाल गाडीत पुढच्या एका बाकाच्या वर रंगानं लिहिलेलं असतं, 'आमदार'. लहानपणापासून मी ती अक्षरं वाचत आलो आहे. त्या बाकावर मी भाजीच्या पाट्या पाहिल्या, झोपलेली पोरं पाहिली, एकदा तर दोरीनं बांधलेलं शिवणयंत्र पाहिलं. आमदार काही पाहिला नाही. माझ्या पिढीतल्या बहुतेकांचं असंच झालं असेल.

सांगोल्याची गोष्ट वेगळी. तिथल्या माणसांनी त्या बाकावर खरोखरच बसलेला आमदार पाहिला आहे, आणि एकदोनदा नव्हे तर वर्षानुवर्षं. धोतर, सदरा, टोपी, सोबत कागदांची पिशवी. गाडी मुंबईला निघालेली, आणि आत गणपतराव देशमुख. तालुका त्यांना 'आबासाहेब' म्हणायचा. पक्षातली माणसं शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) रिवाजाप्रमाणे 'भाई' म्हणायची. ३० जुलै २०२१ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी ते सोलापुरात गेले, तेव्हा अग्रलेखांत ११ हा आकडा पुन्हा पुन्हा आला : एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून ११ वेळा आमदार. आकडा मोठा आहे, वाद नाही. पण मला त्यांच्या आयुष्यातला दुसराच एक आकडा जास्त महत्त्वाचा वाटत आला आहे. तो आहे १९२.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत गणपतराव १९२ मतांनी हरले. समोर काँग्रेसचे शहाजीबापू पाटील होते, पुढे गुवाहाटीतून 'काय झाडी, काय डोंगार' म्हणून अख्ख्या महाराष्ट्राला माहीत झाले तेच. गणपतरावांचं वय तेव्हा ६८. सरकारी नोकरीत असते तर निवृत्त होऊन दहा वर्षं झाली असती. सात वेळा निवडून आलेला, एकदा मंत्री झालेला माणूस, आणि एखाद्या वाडीच्या एका मतदान केंद्रावर फिरावीत एवढ्या मतांनी घरी बसलेला. इथे बहुतेकांची गोष्ट संपते. कार्यकर्ते पैसे गोळा करतात, गौरवसमिती बनते, गौरवग्रंथ निघतो (त्यात लेखांपेक्षा साखर कारखान्यांच्या जाहिराती जास्त), शाल-श्रीफळ होतं आणि माणूस लग्नांतून अक्षता टाकत फिरायला मोकळा होतो. गणपतरावांनी त्यानंतर आणखी चार निवडणुका जिंकल्या. १९९९, २००४, २००९, २०१४. शेवटची जिंकली तेव्हा ते ८८ वर्षांचे होते, समोर पुन्हा शहाजीबापूच होते, आणि मताधिक्य सुमारे २५ हजारांचं होतं.

हरण्याची ही त्यांची पहिली वेळ नव्हती. १९६२ साली ३५ व्या वर्षी ते पहिल्यांदा विधानसभेत गेले. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. १९६७ ला पुन्हा निवडून आले. १९७२ ला हरले. दुष्काळाचं ते वर्ष ज्यांनी माणदेशात काढलं त्यांना विचारा. खडी फोडायला गेलेल्या बायका, सुकडी, दावणीवर मरणारी जनावरं. त्या काळात तालुक्याचा हा वकील झालेला कार्यकर्ता आमदार नव्हता. निवडून आलेले आमदार वारले, १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव परत आले ते थेट १९९५ पर्यंत.

सांगोला म्हणजे काय हे नकाशावरून कळत नाही. पंढरपूरहून तीसेक किलोमीटर, मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेवर. माण नदी तालुक्यातून जाते. नदी म्हणायची ती पावसाळ्यात. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा दिसतात. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहूनच, पार बंगालमधल्या शालिमारला. पण हे अलीकडचं. माणूस निम्मं आयुष्य पाऊस आणि निम्मं सरकार यांची वाट पाहत काढतो, असा हा मुलूख. इथल्या आमदाराला पाणी सोडून दुसऱ्या विषयावर बोलताच येत नाही.

गणपतरावांसोबत या प्रश्नावर उभे राहिलेले सोबतीही तसेच पिकलेले होते. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, जन्म १९२२. प्रतिसरकारातले सैनिक, १९४४ साली धुळ्याचा सरकारी खजिना लुटणाऱ्या तुकडीतले. सत्तरी गाठली तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, अण्णांनी सांगली-सातारा-सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांची पाणी चळवळ उभी केली. आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या, हजारो माणसं ट्रक आणि बैलगाड्यांतून येऊ लागली. त्या मंचावर गणपतराव असायचे. कृष्णेचं पाणी उचलून टेंभू आणि म्हैसाळ योजनांतून माणदेशाकडे आणायचं, ही मागणी तेव्हा शहाण्यासुरत्या माणसांना वेडेपणाची वाटायची. पाणी वर कसं चढणार? वीजबिल कोण भरणार? प्रश्न खरे होते, त्यातले काही अजूनही खरे आहेत. पण आज आटपाडी-सांगोल्याच्या शिवारात जे कालव्याचं पाणी दिसतं त्याच्या मुळाशी सत्तरी ओलांडलेल्या माणसांचा हा हट्ट आहे. १९९५ चा पराभव या हट्टाच्या ऐन मध्ये आला. आमदारकी गेली तरी परिषदा चालूच होत्या. गणपतरावांना 'आता काय करू' असा प्रश्न पडायला वेळच मिळाला नसावा, असं मला वाटतं.

मंत्रिपदाचं सांगायचं तर ते दोनदा आलं. १९७८ साली शरद पवारांच्या पुलोद सरकारात, तेव्हा मुख्यमंत्री ३७ वर्षांचे आणि हे ५१ चे. दुसऱ्यांदा १९९९ ला, विलासराव देशमुखांच्या सरकारात, वयाच्या ७३ व्या वर्षी. दोन्ही मिळून पाच वर्षंही भरत नाहीत. जवळपास अर्धं शतक आमदार राहिलेल्या माणसाच्या हिशेबात लाल दिवा एवढाच. आणि शेकापची ताकद बघता याहून जास्त मिळणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. पक्ष बदलला असता तर? सत्तरच्या, ऐंशीच्या दशकात शेकापमधून काँग्रेसमध्ये गेलेल्यांची रांग मोठी होती. गणपतराव त्या रांगेत उभे राहिले नाहीत.

विक्रमाबद्दल एक खुलासा, कारण आपल्याकडे हा घोळ नेहमी होतो. ११ वेळा निवडून येण्याचा तो 'देशातला' किंवा 'जगातला' विक्रम, असं २०१४ ला बऱ्याच ठिकाणी छापून आलं. महाराष्ट्रात तो आहेच. पण केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी १९६५ पासून २०१६ पर्यंत तब्बल १३ वेळा निवडून आले, एकदाही न हरता. त्यातली १९६५ ची विधानसभा तर भरलीच नाही. तमिळनाडूत करुणानिधींनी १९५७ पासून १३ निवडणुका लढवल्या आणि तेराही जिंकल्या, मतदारसंघ बदलत का होईना. तेव्हा विक्रम वगैरे बाजूला ठेवू. मणी आणि करुणानिधींपाशी जे नाही ते गणपतरावांपाशी आहे, १९७२ आणि १९९५.

राजकारणातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा माझ्या मनात यादी होती ती जिंकणाऱ्यांची. लिहिता लिहिता ती बदलली. नीट म्हातारे झालेले पुढारी शोधत गेलो तर बहुतेक वेळा वाटेत एखादा जिव्हारी लागलेला पराभव सापडतो. वयासोबत येणारी मोठी गोष्ट म्हणजे हातातलं सुटत जाणं. ज्याला त्याची आधी सवय झालेली असते, तो कमी आदळआपट करतो. हा माझा अंदाज आहे, सिद्धान्त नव्हे. याला छेद देणारी माणसं पुढे येतीलच.

आपल्या समाजाला वयाचे टप्पे साजरे करायची हौस आहे. साठीची शांत, पंचाहत्तरीचा अमृतमहोत्सव, ऐंशीच्या पुढे सहस्रचंद्रदर्शन. २०२५ च्या जुलैत नागपुरात संघाचे नेते मोरोपंत पिंगळे यांच्यावरच्या इंग्रजी पुस्तकाचं प्रकाशन झालं, तेव्हा सरसंघचालक मोहन भागवतांनी मोरोपंतांचीच एक आठवण सांगितली. पंचाहत्तरीला शाल घातली गेली तेव्हा मोरोपंत म्हणाले होते की या शालीचा अर्थ मला कळतो. तुमचं वय झालं, आता बाजूला व्हा, आम्हाला करू द्या. सांगणारे भागवत आणि देशाचे पंतप्रधान दोघंही त्याच सप्टेंबरात ७५ पूर्ण करणार होते, त्यामुळे दिल्लीत शालीच्या धाग्याधाग्याचे अर्थ काढले गेले. ऑगस्टात भागवतांनी सांगून टाकलं की मी किंवा कुणी निवृत्त व्हावं असं मी म्हटलेलंच नाही. विनोदाला खुलासा द्यावा लागला की समजावं, तो बरोबर जागी बसला.

सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब मात्र मला शालीपेक्षा आवडतो. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस आणि थोडं वर. हजार पौर्णिमा म्हणजे ८० वर्षं आणि दहा महिने. हा हिशेब मोरारजी देसाईंना लावून बघा. जन्म २९ फेब्रुवारी १८९६, वलसाडजवळच्या भदेली गावचा. त्यांची हजारावी पौर्णिमा येते ती डिसेंबर १९७६ किंवा जानेवारी १९७७ च्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा मोरारजी हरयाणात स्थानबद्ध होते. आणीबाणीच्या पहिल्याच पहाटे उचललेले, दीडएक वर्ष एकटे. १८ जानेवारीला सुटले. २४ मार्चला पंतप्रधान झाले, वय ८१. हजार चंद्र पाहून झाल्यावर माणसाला नातवंडांनी तुला करावी, अशी आपल्याकडे रीत. यांची तुला मतपेटीत झाली.

मराठी वाचकाला मोरारजींबद्दल मवाळपणे ऐकायची सवय नाही, हे मला माहीत आहे. आमच्या घरात तर ते नाव घेतलं की आजी भांडं जोरात ठेवायची. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात १९५५-५६ साली मुंबईत जो गोळीबार झाला तो ते मुख्यमंत्री असताना, आणि शंभरावर माणसं गेली. हुतात्मा चौक त्याचा साक्षीदार आहे. ते विसरून काही लिहायचं नाही. पण या माणसाचं म्हातारपण मात्र पाहण्यासारखं आहे, कारण त्यात सुंदर आणि कुरूप दोन्ही शेजारी शेजारी आहे.

मोरारजींची हरण्याची यादी लांबलचक आहे. १९५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत ते अवघ्या १९ मतांनी पडले. पक्षानं तरीही त्यांना मुंबई राज्याचं मुख्यमंत्री केलं. १९५६ च्या अखेरीस राज्य यशवंतरावांच्या हाती देऊन ते दिल्लीला गेले. १९६३ ला कामराज योजनेत अर्थखातं गेलं. १९६४ ला पंतप्रधानपद शास्त्रींकडे. १९६६ ला इंदिरा गांधींविरुद्ध पक्षात सरळ मतदान, ३५५ विरुद्ध १६९. १९६९ ला अर्थखातं काढून घेतलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढे काँग्रेस फुटली, ते विरोधी बाकांवर. १९७५ च्या एप्रिलात, वयाच्या ७९ व्या वर्षी, गुजरातच्या निवडणुका घ्या म्हणून उपोषणाला बसले, आणि इंदिराबाईंना त्या घ्याव्या लागल्या.

वाढदिवस चार वर्षांतून एकदाच येतो, यावरून मोरारजींची थट्टा खूप झाली. थट्टा करणारे एक विसरत. १९०० हे साल लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे त्यांचा पहिला खरा वाढदिवस आला तो आठव्या वर्षी, १९०४ ला. पंतप्रधान झाले तेव्हा या माणसानं २९ फेब्रुवारी उणीपुरी १९ वेळा पाहिली होती. ज्या १९ मतांनी १९५२ ला हरले, तेवढेच वाढदिवस. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. यातला एक वाढदिवस तर त्यांनी लोकसभेत अंदाजपत्रक मांडून साजरा केला, १९६८ ला.

आणि कुरूप भाग? जनता सरकारच. पंतप्रधान ८१ चे, चरणसिंग पंचाहत्तरीच्या उंबऱ्यावर, जगजीवनराम सत्तरीच्या. तिघांनीही त्या खुर्चीकडे किती वर्षं डोळे लावले होते! इतका वेळ पोळी तव्यावर ठेवली की ती जळते. पराभवाबद्दलच्या माझ्या अंदाजाला पहिला तडा इथे जातो. मोरारजी हरणं शिकले होते, वाकणं शिकले नव्हते. दोन वर्षांत घर फुटलं, जुलै १९७९ मध्ये मोरारजी पायउतार झाले आणि ७६ वर्षांचे चरणसिंग पंतप्रधान झाले, लोकसभेला एकदाही सामोरं न जाता. त्याच सरकारात मधू दंडवत्यांसारखा ५३ वर्षांचा रेल्वेमंत्री दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या घालत होता. आज स्लीपरमध्ये पाठ टेकताना ज्यांची आठवण काढायची ते दंडवते. भांडणाऱ्या तिघा वडीलधाऱ्यांची नावं इतिहासात मोठ्या टायपात आहेत. गाद्यांचा फायदा मात्र आपण घेतो.

खुर्ची गेल्यावरची पंधरा वर्षं मोरारजींनी बहुतांश मुंबईत काढली. ज्या शहरानं त्यांना माफ केलं नव्हतं त्याच शहरात, मरीन ड्राइव्हवर. चरखा, दूध, फळं, आणि ज्याच्यावरून जगभर हसं झालं तो शिवांबूचा प्रयोग. १९८३ ला एका अमेरिकन पत्रकारानं पुस्तकात त्यांना सीआयएचा माणूस म्हटलं, तेव्हा ८७ वर्षांच्या मोरारजींनी अमेरिकेच्या कोर्टात दावा लावला. सहा वर्षांनी शिकागोत निकाल विरुद्ध गेला. म्हणजे ९३ व्या वर्षी आणखी एक पराभव. त्यानंतर पाकिस्ताननं निशान-ए-पाकिस्तान दिलं, भारतानं १९९१ ला भारतरत्न. १० एप्रिल १९९५ रोजी ते मुंबईतच वारले, शंभरीला एक वर्षही कमी नव्हतं. गणपतराव १९२ मतांनी हरले त्याला तेव्हा महिनाभर झाला असेल. आणि ज्या शहरावरून एवढं रामायण घडलं, त्याचं 'बॉम्बे' हे नाव जाऊन अधिकृतपणे मुंबई झालं तेही त्याच वर्षी.

याच मुशीतला दुसरा माणूस केरळात होता. व्ही. एस. अच्युतानंदन, जन्म १९२३, शिक्षण सातवीपर्यंत, शिंप्याच्या दुकानात आणि काथ्याच्या कारखान्यात काम केलेला. १९६४ ला कम्युनिस्ट पक्षाच्या बैठकीतून उठून जाणाऱ्या ३२ जणांपैकी एक. २००६ ला त्यांच्याच पक्षानं त्यांचं तिकीट आधी कापलं; रस्त्यावर लोक उतरल्यावर परत दिलं. ८२ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. २०११ च्या प्रचारात राहुल गांधींनी त्यांचं वय काढलं, तेव्हा म्हाताऱ्यानं उलट त्यांना 'अमूल बेबी' म्हणून मोकळं केलं. हे विशेषण त्या प्रचारातल्या बाकी सगळ्या भाषणांपेक्षा जास्त टिकलं. निवडणूक डावी आघाडी हरली, पण ७२ विरुद्ध ६८ अशी, अगदी केसानं. २१ जुलै २०२५ ला ते गेले, १०१ वर्षांचे होऊन.

आता न हरलेल्यांकडे वळतो. गोव्यात सत्तरी तालुक्याच्या राण्यांचं घराणं जुनं. प्रतापसिंह राणे १९७२ ला मगो पक्षातर्फे, बांदोडकरांच्या काळात, पहिल्यांदा आमदार झाले आणि पन्नास वर्षं एकदाही पडले नाहीत. मुख्यमंत्रीही अनेकदा झाले. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं त्यांना आजीव मंत्रिपदाचा दर्जा दिला, त्यावर उच्च न्यायालयात याचिकाही झाली. काँग्रेसनं ८३ वर्षांच्या राण्यांना पुन्हा पर्येतून उभं करायचं ठरवलं होतं. भाजपनं त्यांच्याच सुनेला उमेदवारी दिली. राणे वयाचं कारण सांगून बाजूला झाले, सूनबाई मोठ्या मताधिक्यानं निवडून आल्या. यात ठसका कुठे नाही, सगळं अदबीनं झालं, गोव्यातल्या जुन्या वाड्यांत होतं तसं. पण आजीव दर्जा ही गोष्ट मला खटकते. मतदारानं जे पाच वर्षांसाठी द्यायचं, ते सरकारनं जन्मभरासाठी कसं द्यावं? सांगोल्यात तसं मागायला कुणी धजावलं नसतं.

मलेशियाचे महाथीर मोहम्मद हा या गोष्टीतला सर्वांत बोलका धडा. २२ वर्षं पंतप्रधान, २००३ ला स्वतःहून पायउतार. एवढ्यावर थांबले असते तर पाठ्यपुस्तकात गेले असते. २०१८ ला ९२ व्या वर्षी ते पूर्वी ज्या पक्षाचे नेते होते त्यालाच हरवून पुन्हा पंतप्रधान झाले आणि जगानं तोंडात बोटं घातली. दोन वर्षांत आघाडी मोडली, राजीनामा. २०२२ ला ९७ व्या वर्षी लंकावीतून पुन्हा उभे राहिले आणि अनामत रक्कमही गेली. त्यांचा त्याआधीचा पराभव १९६९ चा. म्हणजे हरण्याची सवय सुटून ५३ वर्षं झाली होती. १० जुलै २०२५ ला त्यांनी शंभरी गाठली.

शरद पवारांचं नाव आलं नाही तर वाचक पत्र लिहितील, म्हणून नव्हे, पण ते या लेखात बसतात जरा तिरके. लोकांच्या निवडणुकीत ते स्वतः कधी पडले नाहीत. पडले ते क्रिकेट मंडळाच्या, २००४ साली, तेही अध्यक्षांच्या निर्णायक मतानं. पुढच्या वर्षी जिंकून आले. त्याच २००४ साली तोंडाचा कॅन्सर. साताऱ्याची पावसातली सभा ऑक्टोबर २०१९ ची, तेव्हा ७८. पण मोठा घाव बसला तो हजार चंद्र पाहून झाल्यावर, २०२३ च्या जुलैत, आणि तो घरातून, पुतण्याकडून. पक्षाचं नाव गेलं, घड्याळ गेलं. तुतारी वाजवणारा माणूस हे नवं चिन्ह घेऊन लोकसभेला दहापैकी आठ जागा आणल्या, आणि सहा महिन्यांत विधानसभेला अवघ्या दहा. म्हणजे पहिलं मोठं हरणं ८३ व्या वर्षी. हा माणूस ते कसं पचवतो हे पाहणं मला पत्रकार म्हणून गेल्या काही वर्षांतलं सर्वांत कुतूहलाचं काम वाटलं.

आणि बायका कुठे आहेत या यादीत? प्रतिभाताई पाटील ७२ व्या वर्षी राष्ट्रपती झाल्या आणि आता नव्वदी ओलांडून पुण्यात आहेत, हे सोडलं तर खुर्चीच्या यादीत फारशा सापडत नाहीत. तिकिटंच मिळत नाहीत तर म्हातारपणी कसली ११ वेळा! पण मृणालताई गोरे आठवतात. १९७७ ला खासदार झाल्या, 'पाणीवाली बाई' म्हणून मुंबईभर नाव. पुढे साठीच्या आसपास त्यांनी पुन्हा एक वेडगळ वाटणारं काम हाती घेतलं : जमीन कमाल धारणा कायद्याखालची जमीन कोर्टात भांडून मिळवायची आणि गोरेगाव-दिंडोशीत साध्या माणसांसाठी घरं बांधायची. नागरी निवाराची हजारो घरं उभी राहिली. ताई २०१२ ला गेल्या. त्या वसाहतीत आज कुणी फ्लॅट विकतो तेव्हा किंमत ऐकून ताई काय म्हणाल्या असत्या, असा विचार मनात येतोच.

१३ ऑगस्ट २०२३ रोजी सांगोल्यात गणपतरावांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. व्यासपीठावर शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस दोघंही. आदल्याच दिवशी पुण्यात एका उद्योगपतीच्या घरी काका-पुतण्यांची भेट झाली होती, त्यामुळे पत्रकारांना पुतळ्यात रस नव्हता. घरातला वडीलधारा पुतण्याला भेटला तर बिघडलं काय, असा सूर पवारांनी लावला, आणि दुसऱ्या दिवशी सांगोल्याचं नाव छापून आलं ते त्या भेटीच्या बातमीत. बाजूला आबासाहेब, टोपीसकट, उभे. हयात असते तर आधी मंडपाला किती खर्च आला ते विचारलं असतं, अशी त्यांची ख्याती.

२०१९ ला ते थांबले. ९३ व्या वर्षी, स्वतःहून. त्यांच्या जागी आधी घराबाहेरच्या माणसाचं नाव पुढे आलं, पण कार्यकर्ते अडून बसले आणि शेवटी नातवाला, डॉ. अनिकेत देशमुखांना, उभं केलं गेलं. ज्या माणसानं साठ वर्षं पक्ष बदलला नाही, घर बांधलं नाही म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्याच्या पक्षालाही शेवटी घरातलंच नाव लागलं, याची मला चुटपूट आहे. कार्यकर्त्यांना तसं वाटत नाही. आबांचं रक्त पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. शहाजीबापू शिवसेनेकडून उभे होते. निकाल लागला : ७६८ मतांनी शहाजीबापू.

म्हणजे पाहा. १९९५ ला १९२ मतांनी आबासाहेबांना हरवणारा तरुण पुन्हा विधानसभेत जायला २४ वर्षं थांबला. मधल्या काळात पुन्हा पुन्हा लढला, पुन्हा पुन्हा पडला, पक्ष बदलले, पण तालुका सोडला नाही. आबासाहेबांच्या सावलीत राहून हरण्याचं शिक्षण घेतलेला हा माणूस. त्याच्या भाषेत जी मजा आहे तिच्यात त्या २४ वर्षांचा वाटा असणार. गुवाहाटीच्या झाडी-डोंगरांनी ती फक्त चव्हाट्यावर आणली.

२०२४ ला शेकापनं दुसरा नातू उभा केला, डॉ. बाबासाहेब देशमुख. राज्यभरात पक्षाचा तेवढा एकच आमदार निवडून आला. शहाजीबापू सुमारे २५ हजारांनी पडले. २०१४ ला आबासाहेबांनी त्यांना पाडलं होतं तेव्हाही मताधिक्य साधारण एवढंच होतं. पुढची विधानसभा २०२९ ला. वाट पाहायचा सराव त्यांना आहे.